कोणता घट? भाषण, विवेक व रीतिभेद यांविषयीं एक पाठ

अंबाजोगाईच्या दासोपंतांचें नांव ज्यानें ऐकलें नाहीं असा विद्यार्थी आपल्या बीड जिल्ह्यांत विरळाच. सुमारें चाळीस फूट लांब व चार फूट रुंद अशा जाड्या कापडाच्या पासोडीवर त्यांनीं ‘पंचीकरण’ हा ग्रंथ लिहिला, ही हकीकत लहानपणींच कानावर येते, व ती पासोडी पाहण्यास लोक अंबाजोगाईस जातातहि. परंतु त्याच दासोपंतांनीं ‘गीतार्णव’ या आपल्या प्रचंड गीताटीकेंत शब्द व अर्थ यांविषयीं जो एक मार्मिक दाखला दिला आहे, त्याकडे आपलें फारसें लक्ष जात नाहीं. प्रस्तुत लेखांत त्या दाखल्याचा हात धरून, माणसें एकमेकांशीं बोलतात तें एकमेकांस कळतें कसें, आणि कित्येकदां कळत नाहीं तें कां, याचा थोडा विचार करावयाचा आहे.

दाखला असा. त्या काळचे पुष्कळ पंडित देशभाषेस हलकी लेखीत व ज्ञान संस्कृतांतच असावें असें म्हणत. त्यांस दासोपंत विचारतात कीं, तुम्ही ‘घट’ म्हणतां. पण घटाचे प्रकार थोडे का आहेत? त्यांपैकीं कोणता घट ऐकणारानें घ्यावयाचा? मराठींत डेरा, रांजण, सुगडें अशीं प्रत्येक भांड्यास निराळीं नांवें आहेत, व नांव घेतांच नेमकें तेंच भांडें ऐकणाराच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. मग समजावून देण्यास सोयीची भाषा कोणती?

हें म्हणणें दिसावयास साधें आहे, पण त्यांत संभाषणशास्त्राचें एक मोठें तत्त्व आलें आहे. बोलणाराच्या मुखांतून शब्द निघाला एवढ्यानें काम झालें, असें दासोपंत मानीत नाहींत. ऐकणाराच्या मनांत कोणती वस्तु उभी राहिली, ही त्यांची कसोटी. कुंभाराच्या दारीं जाऊन ‘एक घट द्या’ असें म्हणणारास कुंभार काय देईल बरें? पाणी सांठविण्याचा रांजण हवा, ताक घुसळण्याचा डेरा हवा, डोईवरून पाणी आणावयाची घागर हवी, कीं संक्रांतीच्या वाणाचें सुगडें हवें, हें त्यानें पुन्हां विचारलेंच पाहिजे. मोघम शब्द वापरून बोलणारानें आपला श्रम वांचविला, पण तो सगळा श्रम ऐकणाराच्या गळ्यांत पडला; आणि ऐकणारा जर भिडस्त किंवा दबलेला असला, तर तो पुन्हां विचारणारहि नाहीं, हातीं येईल तें भांडें घेऊन येईल व वर बोलणींहि खाईल.

दासोपंतांस ही गोष्ट सुचली यांत फारसें नवल नाहीं. शके १४७३ मध्यें, म्हणजे इ. स. १५५१ त, बीदरच्या राज्यांतील नारायणपेठेस त्यांचा जन्म झाला. वडील दिगंबरपंत हे वसुलाच्या कामावरील अधिकारी. आसपास मराठी, कन्नड व तेलुगु बोलणारीं माणसें, दरबारीं फारसीचा मान, आणि घरीं शास्त्राची भाषा संस्कृत. एकच गोष्ट कोणास कोणत्या बोलींत सांगितली असतां पोंचेल, हा प्रश्न अशा मुलुखांत वाढलेल्या माणसास रोजचाच असतो. पासोडीचा खटाटोपहि त्याच जातीचा दिसतो. पंचमहाभूतांचा अवघड विषय भिंतीवर टांगून, आकृति दाखवून, सभेस एकदम समजावून देतां यावा, हा हेतु त्या लांबलचक कापडामागें असावा असें मला वाटतें. आजच्या शाळेंतील तक्ता तो हाच.

आतां थोडें विवेकाकडे वळूं. थोर पुरुषाचें वचन असलें म्हणून तें तपासूं नये असें नाहीं. ‘संस्कृतांत घटाचे भेद दाखविणारे शब्द नाहींत’ हें विधान अक्षरशः घेतलें, तर तें टिकत नाहीं. ‘अमरकोश’ उघडून पाहावा. मोठ्या रांजणास ‘अलिंजर’ व ‘मणिक’, झारीसारख्या भांड्यास ‘कर्करी’, अन्न शिजविण्याच्या भांड्यास ‘स्थाली’, ‘उखा’ व ‘पिठर’, आणि शिवाय कुंभ, कलश आहेतच. उलट, मराठीचा ‘डेरा’ तरी निःसंदिग्ध कोठें आहे? घोडदळाच्या छावणींत ‘डेरा आणा’ म्हटलें तर ताकाचें भांडें न येतां राहुटी येईल. आणि अंबाजोगाई, जिला निजामी अमलांत मोमिनाबाद म्हणत, ती कित्येक वर्षें घोडदळाची छावणीच होती.

एवढें सांपडल्याबरोबर ‘दासोपंत हरले’ असें म्हणून पुस्तक मिटणारा विद्यार्थी हुशार खरा, पण त्याचें काम अर्धेंच झालें. प्रतिपक्षाचें म्हणणें जितकें दुबळें करून घेतां येईल तितकें घ्यावयाचें व मग तें पाडावयाचें, ही सोपी करामत आहे. त्याचें म्हणणें त्याच्या हेतूला धरून जितकें बळकट करतां येईल तितकें करावें, आणि मग तें उभें राहतें कीं नाहीं तें पाहावें. ‘अलिंजर’ शब्द कोशांत होता. पण अंबाजोगाईच्या बाजारांत तो किती जणांच्या तोंडीं होता? दासोपंतांचा श्रोता कुंभार, कुणबी, घरांतील बायामाणसें असा होता. त्याच्यापुरता तो शब्द नसल्यासारखाच. तेव्हां दाखल्याचा बळकट अर्थ असा होतो कीं, शब्द कोशांत असून भागत नाहीं, तो बोलणारा व ऐकणारा या दोघांच्याहि घरचा असला पाहिजे. या रूपांत तें म्हणणें आजहि कोणास सहसा खोडतां येणार नाहीं.

न्यायशास्त्रकारांनीं चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत ते येथें आठवतात. सत्य काय हें शोधण्यासाठीं दोघांनीं मिळून केलेली चर्चा तो वाद. जिंकण्यासाठीं वाटेल तें साधन वापरून केलेली ती जल्प. आणि स्वतःचें मत कांहींच न मांडतां दुसऱ्याचें तेवढें पाडीत सुटावयाचें ती वितंडा. मराठींत ‘वाद’ या बिचाऱ्या शब्दाला भांडणाचा वास लागला आहे, पण मुळांत तो तिघांतला कुलीन. शाळांच्या वक्तृत्वस्पर्धांत बहुधा जल्पासच बक्षीस मिळतें हें खेदानें म्हणावें लागतें.

ही तपासणी आपणांस प्रिय असलेल्या गोष्टींनाहि लावली पाहिजे, नाहींतर ती काय कामाची? बीड जिल्ह्यांतील कोणासहि विचारा, तो सांगेल कीं आद्यकवि मुकुंदराज आमचे, त्यांची समाधि अंबाजोगाईस आहे, व त्यांचा ‘विवेकसिंधु’ शके १११० चा, म्हणजे ‘ज्ञानेश्वरी’च्या आधीं सुमारें शंभर वर्षांचा. (ग्रंथाच्या नांवांतच विवेक आहे, हा योग मोठा गोड आहे.) परंतु अभ्यासकांत याविषयीं एकमत नाहीं. शके १११० हा काळ सांगणारी ओवी कांहीं हस्तलिखितांत आहे, कांहींत नाहीं. ग्रंथाची भाषा ‘ज्ञानेश्वरी’हून जुनी न दिसतां उलट नवी दिसते. त्यावर दुसरा पक्ष म्हणतो, नकला करणारांनीं पिढ्यान्‌पिढ्या भाषा सोपी करीत आणली असेल. स्थळाविषयींहि तेंच: वैनगंगेच्या कांठचें विदर्भांतील आंभोरा हें मुकुंदराजांचें गांव, असें म्हणणारे विद्वान आहेत. येथें विद्यार्थ्यानें काय करावें? गांवाचा अभिमान सोडावा असें मी म्हणत नाहीं. पण ‘परंपरा असें सांगते’ आणि ‘असें सिद्ध झालें आहे’ या दोन वाक्यांतील अंतर त्यानें ओळखावें, व आंभोऱ्याचा विद्यार्थी भेटला तर प्रथम त्याचे पुरावे ऐकून घ्यावे.

वाक्याचा अर्थ ऐकणाराच्या मनांत कसा तयार होतो, याचीहि आपल्या शास्त्रकारांनीं बारीक चिकित्सा केली आहे. सतराव्या शतकांतील अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ संस्कृत शाळांतून मुलें पाठ करीत. त्यांत अर्थबोधाचीं तीन कारणें दिलीं आहेत. पहिली आकांक्षा: ‘बैल, आंबा, शाई, पागोटें’ असे शब्द ओळीनें उच्चारले तर त्यांस एकमेकांची अपेक्षा नाहीं, म्हणून त्यांतून वाक्य होत नाहीं. दुसरी योग्यता: ‘विस्तवानें झाड शिंपा’ यांत शब्दांची जुळणी व्याकरणास धरून आहे, पण विस्तवानें शिंपणें घडत नाहीं. तिसरी संनिधि: सकाळीं ‘गाय’ म्हणावयाचें व दुपारीं ‘आण’, अशानें गाय येणार नाहीं. याखेरीज तात्पर्य म्हणून एक गोष्ट मानतात. ‘सैंधव’ म्हणजे मीठ व सिंधु देशचा घोडाहि. जेवणारानें ‘सैंधव आण’ म्हटलें तर मीठ आणावें, प्रवासास निघालेल्यानें म्हटलें तर घोडा. शब्द तोच, पण प्रसंगानें वस्तु बदलली.

युरोपांतील विचार निराळ्या वाटेनें गेला. इ. स. पूर्वीं चवथ्या शतकांत ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल यानें वक्तृत्वावरील ग्रंथांत मन वळविण्याचीं तीन साधनें सांगितलीं: वक्त्याचें शील, श्रोत्याची मनोवृत्ति, व युक्तिवाद. त्याचा श्रोता सभेंत किंवा न्यायालयांत बसलेला नागरिक होता, म्हणून जिंकण्याकडे कल अधिक. पुढें आपल्या काळाच्या जवळ, १९४८ मध्यें, क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञानें तार व टेलिफोन यांच्या व्यवहारावरून संदेशाचें एक गणित मांडलें. संदेश पाठविणारा, त्याला खुणांचें रूप देणारें यंत्र, मार्ग, मार्गांतील खरखर, खुणांचा पुन्हां संदेश करणारें यंत्र, व घेणारा, अशी त्याची सांखळी आहे. इंग्रजी लिहिण्यांतील सुमारें निम्मा भाग भाषेच्या नियमांनींच ठरलेला असतो, म्हणून कांहीं अक्षरें गळालीं तरी वाचणारा तीं भरून काढतो, असेंहि त्यानें हिशेबानें दाखविलें. आजचा सर्व दूरसंदेशव्यवहार त्या गणितावर उभा आहे. परंतु शॅनननें स्वतःच बजावून ठेविलें आहे कीं, संदेशाचा अर्थ काय हा प्रश्न या गणितांत येत नाहीं. त्याच्या तारेंतून ‘घट’ हीं अक्षरें अंबाजोगाईहून बीडला बिनचूक पोंचतील; कोणता घट, हें मात्र तार सांगणार नाहीं. ज्या वर्षीं हा निबंध छापला गेला त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत आपला जिल्हा हैदराबाद संस्थानाबरोबर भारतांत सामील झाला, हा निव्वळ योगायोग, पण सन लक्षांत ठेवण्यास उपयोगी आहे.

अर्थाशीं मुद्दाम खेळून समोरच्यास फसविणें यास न्यायसूत्रांत ‘छल’ म्हटलें आहे. त्याचे तीन भेद मोठे मौजेचे आहेत. कोणी म्हणतो, ‘या मुलाजवळ नवकंबल आहे.’ त्याच्या मनांत नवी घोंगडी. प्रतिपक्षी म्हणतो, ‘नऊ कोठें आहेत? एकच तर दिसते!’ हा वाक्छल. दुसरें उदाहरण आपल्या शेतांत शोभणारें आहे. संस्कृतांत ‘मंच ओरडतात’ असें म्हणतात. जोंधळ्यांतलीं पांखरें हाकण्यासाठीं जो माळा घालतात तोच हा मंच. ‘माळे ओरडूं लागले’ म्हणजे माळ्यांवरचे राखणदार ओरडूं लागले, हें लहान पोरासहि कळतें. त्यावर ‘लांकडें कशीं ओरडतील?’ असें विचारणें हा उपचारछल. तिसरा सामान्यछल. ‘ब्राह्मणाच्या ठिकाणीं विद्या संभवते’ असें कोणी म्हटलें तर, ‘मग व्रात्य हाहि ब्राह्मणच, तेव्हां तोहि विद्वान असला पाहिजे’ असें त्याच्या गळीं बांधावयाचें. म्हणजे पुष्कळांविषयीं संभवनीय म्हणून सांगितलेली गोष्ट प्रत्येकाविषयीं निश्चित म्हणून घ्यावयाची. पहिले दोन छल पोरखेळ आहेत. तिसऱ्यानें मात्र माणसांमाणसांत मोठे अनर्थ केले आहेत, व त्याकडे पुन्हां यावें लागेल.

येथपर्यंत दोघेहि एकाच रीतींत वाढलेले आहेत असें आपण धरून चाललों. रीति निराळी झाली कीं अडचण दुणावते. निघतांना आपण ‘येतों’ म्हणतों. ‘जातों’ असें म्हटलें तर घरांतील वडील माणूस तत्काळ म्हणतें, ‘जातों म्हणूं नये, येतों म्हणावें.’ हातांतील बांगडी फुटली तर ती ‘वाढवली’, दुकान बंद केलें तर तेंहि ‘वाढविलें’. परका मनुष्य शब्द व कोश घेऊन बसला, व मोल्सवर्थचा १८५७ चा सुमारें साठ हजार शब्दांचा कोश कां असेना, तरी पहिल्याच अर्थावर थांबेल तर फसेल. ‘येतों’ म्हणणाराची तो चहा ठेवून वाट पाहील. येथें शब्दानें वस्तु सांगितली नाहीं, अशुभ टाळलें. आणि टाळणें हाहि बोलण्याचा एक हेतु असतो.

नात्यांचे शब्द घ्या. इंग्रजींत ‘आंट’ म्हटलें कीं मावशी, आत्या, काकू व मामी या चौघीहि आल्या. आमच्याकडे आत्याचा मान निराळा, मावशीची माया निराळी, मामीचा विनोद निराळा. दासोपंत असते तर विचारते, कोणती आंट? पण यावरून मराठी भाषा श्रेष्ठ ठरली अशी टाळी वाजविण्याचें कारण नाहीं. आभाळांतून पिसासारखें पडतें त्यासहि आपण बर्फ म्हणतों, व कारखान्यांतील लादीसहि बर्फच. इंग्रजाच्या घरीं त्या दोन वस्तु आहेत, व त्यांस दोन नांवें आहेत. ज्या लोकांस जेथें भेद करावा लागतो तेथें त्यांची भाषा भेद करते. बालाघाटच्या डोंगरावर पिसासारखें बर्फ पडत नाहीं, म्हणून आपलें अडलें नाहीं, इतकेंच.

परक्या देशाचें कशाला, आपल्याच जिल्ह्यांत कचेरीची भाषा व घरची भाषा कित्येक पिढ्या निराळी होती. निजामाच्या राज्यांत १८८४ मध्यें फारसीच्या जागीं उर्दू ही सरकारी कामाची भाषा झाली, व १९१८ मध्यें स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत उच्च शिक्षणहि उर्दूंतून होऊं लागलें. उर्दू ही गोड व समृद्ध भाषा आहे, तिच्याशीं कोणाचें वैर नाहीं. परंतु घरीं मराठी बोलणारा कुणबी कोर्टाच्या पायरीवर उभा राहिला म्हणजे त्याच्या व कागदाच्या मध्यें अर्ज लिहून देणारा येऊन बसे. ‘राजीनामा’ हा एकच शब्द पाहा. मराठी माणसास तो नोकरी किंवा अधिकार सोडल्याचा कागद वाटतो. उर्दू कोर्टांत तो दोन्ही पक्षांच्या तडजोडीचा लेख. अक्षरें तींच, उच्चार जवळजवळ तोच, आणि अंगठा मात्र ज्याचा त्याचा. अनोळखी शब्द माणसास सावध करतो. ओळखीचा दिसणारा परका शब्द सावधहि करीत नाहीं. आजहि हिंदी पुस्तकांतील ‘शिक्षा’ वाचून आमच्या पांचवींतील मुलें दचकतात.

रीतिभेदाचा शास्त्रीय विचार करणारांत एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाचें नांव पुढें येतें. १९७६ मधील आपल्या ग्रंथांत त्यानें असें प्रतिपादिलें कीं, कांहीं समाजांत पुष्कळसा अर्थ प्रसंग, नातें व मौन यांत सांठविलेला असतो, शब्दांत थोडाच. कांहीं समाजांत जें काय सांगावयाचें तें शब्दांतच उघड सांगावें लागतें. सोयरीक जुळवितांना ‘विचार करून कळवूं’ याचा अर्थ आपणांकडे सर्वांस कळतो. त्याचा शब्दशः अर्थ घेऊन बसलेला मनुष्य वर्षभर उत्तराची वाट पाहील. हॉलचा भेद उपयोगी आहे यांत शंका नाहीं. पण त्यावरून ‘अमके लोक असेच बोलतात, तेव्हां समोरचा हाहि तसाच’ असें ठरविलें कीं आपण सामान्यछलांत सांपडलों. फरक इतकाच कीं, येथें आपण दुसऱ्यास फसवीत नसून स्वतःस फसवितों. जातीजातींविषयीं, धर्माधर्मांविषयीं, घाटावरच्या व कोंकणांतल्या लोकांविषयीं ज्या म्हणी व थट्टा आपण चघळतों, त्यांतील बहुतेकांची जात हीच आहे.

दासोपंतांचा प्रश्न अगदीं उलट दिशेनें आलेल्या एका माणसासहि पडला होता. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्यें गोव्यास आला. जन्म १५४९ च्या सुमाराचा, म्हणजे तो दासोपंतांचा समवयस्कच. १५८३ मध्यें भावास लिहिलेल्या पत्रांत त्यानें इकडच्या भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशीं जुळते असें नमूद केलें. पुढें दोनशें वर्षांनीं विद्वानांनीं जें शास्त्र उभारलें त्याची ही पहिली चाहूल. दासोपंतांनीं शके १५३७ मध्यें, इ. स. १६१५-१६ त, देह ठेविला, आणि १६१६ मध्येंच स्टीफन्सचें मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ साष्टींतील राचोल येथें छापलें गेलें. या दोघांस एकमेकांचें नांवहि ठाऊक असण्याचें कारण नाहीं.

स्टीफन्सपुढील पेंच पाहण्यासारखा आहे. त्यास सांगावयाची कथा ज्या देशांतली, तेथील रीति, झाडें, सण, यांतलें कांहींच साष्टीच्या श्रोत्याच्या घरचें नव्हतें. श्रोत्याच्या घरचें जें होतें तें म्हणजे पुराण ऐकण्याची संवय, ओवीची चाल आणि भक्तीचे शब्द. त्यानें तींच घेतलीं. स्वर्गास वैकुंठ म्हटलें. ग्रंथास पुराण म्हटलें. याचा धोका उघड आहे: वैकुंठ म्हटलें कीं ऐकणाराच्या मनांत विष्णूचें वैकुंठ उभें राहणार, आणि सांगणारास तें नको होतें. उलट सगळे शब्द परके ठेवले तर मनांत कांहींच उभें राहणार नाहीं. म्हणून कांहीं ठिकाणीं त्यानें ओळखीचा शब्द घेऊन कथेच्या ओघांत त्याचा अर्थ हळूहळू बदलला, व चर्चच्या कांहीं संस्कारांस परकें नांव तसेंच ठेविलें. दरेक भाषांतरकारास असें निवडावेंच लागतें. गंमत अशी कीं, देवनागरी खिळे करून छापण्याची इच्छा असतां ग्रंथ रोमन लिपींत निघाला; म्हणजे भाषा श्रोत्याची, आणि अक्षरें छापखान्याचीं.

आतां हा सगळा पसारा घेऊन आपल्या दाराशीं परत येऊं. दसरा-दिवाळी झाली कीं बीड जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठीं लाखों माणसें पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, तीं उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात. आपल्या वर्गांतील कित्येकांचे आईबाप त्यांत असतात. त्या व्यवहाराची एक स्वतंत्र बोली आहे. मुकादम आगाऊ रक्कम देतो ती ‘उचल’. काम बुडालें तो ‘खाडा’. आणि मजुरांची मोजणी ज्या शब्दानें होते तो ‘कोयता’. परक्या माणसास वाटेल, कोयता म्हणजे ऊस तोडण्याचें हत्यार. दहा कोयते म्हणजे दहा हत्यारें, फार तर दहा माणसें. तसें नाहीं. एक कोयता म्हणजे नवरा व बायको मिळून एक जोडपें. एकटा गडी असला तर तो ‘अर्धा कोयता’.

येथें दासोपंतांचा प्रश्न विचारून पाहावा. ‘घट’ या शब्दानें अनेक भांडीं झांकलीं जात. ‘कोयता’ या शब्दानें एक माणूस झांकलें जातें. नवरा ऊस तोडतो, बायको वाढें सोलते, मोळ्या बांधते, डोईवर घेऊन गाडींत चढविते, आणि पहाटे उठून भाकरीहि तीच करते. उचल ठरते कोयत्यावर, आणि ती बहुधा पुरुषाच्या हातीं पडते; वहींत नांवहि बहुधा त्याचेंच लागतें. बाई आजारी पडली तर खाडा कोणाचा? अर्ध्या कोयत्याचा कीं सबंध? हिशेब वहींतून वाचून दाखवितात तेव्हां तो ऐकणाऱ्या दोघांपैकीं कितींना त्यांतील आंकडा आपला कसा झाला हें पुन्हां विचारण्याचें धैर्य होतें? मुकादमहि त्याच गांवचा, त्याच भाषेचा, कित्येकदां नात्यांतलाच असतो. ही अडचण भाषाभेदाची नाहीं. दोघांसहि शब्द ठाऊक आहे, व ठाऊक आहे म्हणूनच तो कोणी उघडून पाहत नाहीं.

आपल्या वर्गांतील ज्या मुलांस गणित चांगलें येतें त्यांनीं सुट्टींत घरचा हिशेब मांडून पाहावा: एका हंगामांत किती टन तोड झाली, उचल किती, खाडे किती व कोणाचे धरले, आणि कोयत्याच्या रकमेचे दोन भाग केले तर प्रत्येकी रोज काय पडलें. आंकडे आईस व वडिलांस, दोघांसहि, समोर बसवून वाचून दाखवावे, आणि जेथें ‘कोयता’ शब्द येईल तेथें थांबून त्यांतील दोन्ही नांवें घ्यावीं.